कागदावरचं ‘नाही’

अमेरिकेतल्या आमच्या नॉर्थ हॅल्बर्ट या डोंगरी गावातल्या दोन पिढ्यांची पोरं ऑर्फा स्टॅनर्डनं शाळेत पोचवली. पिवळी बस, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची टोपी आणि आरशातून मागे रोखलेली नजर. मीही त्याच बसनं गेलो. आज माझे केस पिकलेत, तरी ती मला अरेतुरे करते आणि मी तिला अहोजाहो. गावसभेचा अध्यक्ष म्हणून हातोडा माझ्याकडे असतो, पण ती उभी राहिली की मी आपोआप ताठ बसतो.

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी ही सभा भरते. रस्ते, शाळा, बर्फ काढायचं यंत्र, सगळं गावकरीच ठरवतात, तेही सगळ्यांदेखत हात वर करून. सात जण मागणी करायला उभे राहिले, तर मात्र चिठ्ठ्या टाकून मत घ्यावं लागतं. ही मागणी दरवर्षी वेंडेल कॉर्लिस करतो. गावासाठी खिशात हात घालायची वेळ आली की तो हात आखडता घेतो. आणि दरवर्षी ऑर्फा त्याला फैलावर घेते.

“हात वर करायला लाज वाटते ना, वेंडेल? मग मतच चुकतंय तुझं.”

“तुझं बरंय बाई. तुझ्या खिशाला भोकच आहे.”

“म्हणून तर तुझ्या चढावरचं बर्फ निघतं! माझं घर सपाटीला आहे. मला काय पडलंय तुझ्या चढाचं?”

लोक हसायचे, वेंडेलच्या बाजूचे दोघंतिघं गुपचूप खाली बसायचे आणि चिठ्ठ्यांचा विषय तिथेच संपायचा. शाळेच्या छपराला तिनं हात वर केला, तिला मूलबाळ नसताना. पलीकडच्या वस्तीच्या पुलाला केला, तिकडे ती कधी फिरकत नसताना. हे सगळं मी मुद्दाम आधी सांगतोय. पुढचं सांगताना मला तिची बाजू घ्यायचीय आणि ती नीट घेता येत नाही.

आमच्या गावाला स्वतःची रुग्णवाहिका नव्हती. शेजारच्या गावाची गाडी खिंड ओलांडून यायची, आणि हिवाळ्यात खिंड कुणाचं ऐकत नाही. ऑर्फाचा शेजारी डेल्मर लाफ्लाम याची बायको आयव्ही हृदयाची रोगी. गेल्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात कोसळली, आणि गाडी येईपर्यंत डेल्मर तिचं डोकं मांडीवर घेऊन खिडकीतून रस्त्याकडे बघत बसला होता. ती वाचली, पण त्या दिवसापासून डेल्मर धड झोपलेला नाही. म्हणून यंदा सभेपुढे विषय आला, गावाची स्वतःची रुग्णवाहिका घ्यायची आणि तिच्यासाठी शेड बांधायची. नदीचा पूर पोचणार नाही अशी गावाच्या मालकीची सपाट जागा एकच, ऑर्फाच्या घरासमोरचं कुरण.

सभेच्या आधी ती माझ्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य न्यायला आली होती. पोतं उचलायचं सोडून उभीच राहिली.

“आयुष्यभर मागे बसभर पोरं केकाटत होती रे. आता कुठे कानाला आराम मिळालाय. सकाळी भांडी घासताना समोर हरणं येतात. आता तिथं भोंगा वाजणार, रात्रभर दिवे जळणार.”

“मग सभेत बोला की तसं.”

“कुठल्या तोंडानं बोलू?” ती म्हणाली आणि पोतं उचलून गेली.

सभेच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी आपापल्या घरून आणलेले बीन्स आणि ॲपल पाय खाऊन झाले. जेवताना जो तो डेल्मरच्या पाठीवर हात ठेवून “होईल रे, काळजी करू नकोस” म्हणत होता. मग मी विषय वाचला. वेंडेलनं चिठ्ठ्यांची मागणी केली आणि नेहमीचे सहा जण त्याच्यामागे उभे राहिले. मी हातोडा धरून ऑर्फाची वाट पाहत राहिलो. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. खुद्द वेंडेल वळून बघत होता. बिचारा बोलणी खायच्या तयारीनंच आला होता. ऑर्फा मान खाली घालून मोजा विणत राहिली. तेव्हाच मला कळलं, आणि तिच्याकडे बघायची मलाच लाज वाटायला लागली.

चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या. थोडक्या मतांनी ‘नाही’ जिंकलं.

डेल्मर पहिल्या रांगेत ऑर्फाच्या शेजारीच बसला होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे, ऑर्फा. तुझं नि माझं मत वाया गेलं. पुढच्या वर्षी बघू.”

ती कानापर्यंत लाल झाली. मी पुढचा विषय वाचायला तोंड उघडलं, तोच ती उभी राहिली.

“हा विषय पुन्हा मताला घ्या.”

निकाल लागलेला विषय पुन्हा काढायचा तर तो जिंकलेल्या बाजूच्या माणसानंच काढायचा, असा आमच्याकडे नियम आहे. हरलेल्यांना ती मुभा दिली, तर सभा कधी संपायचीच नाही.

“ऑर्फा,” मी हळूच म्हटलं, “नियम माहीत आहे ना तुम्हाला?”

“तू चड्डीत होतास तेव्हापासून माहीत आहे. मी ‘नाही’ लिहिलं.”

“काय म्हणालात? मोठ्यानं बोला!” मागून कुणीतरी ओरडलं.

“मी ‘नाही’ लिहिलं!” तिचा आवाज फाटला. “माझ्या खिडकीसाठी लिहिलं. वेंडेल निदान उभा राहून कंजुषी करतो. मी लपून केली. शरम वाटते मला.”

डेल्मरनं मघाशी तिच्या खांद्यावर ठेवलेला हात आता खिशात घातला होता. मी दोनदा अनुमोदन विचारलं. मग डेल्मरच तिच्याकडे न बघता म्हणाला, “माझं आहे.”

या खेपेला चिठ्ठ्या कुणी मागितल्या नाहीत. हात एकेक करून वर गेले. वर करणारे आपल्या बुटांवरचा चिखल बघत होते. चिठ्ठ्यांत निघालेल्या ‘हो’पेक्षा हात कितीतरी जास्त होते, आणि ते प्रत्येकाला कळत होतं. ऑर्फा बोलली आणि बाकीचे बोलले नाहीत, फरक तेवढाच. विषय मंजूर झाला. टाळी कुणीच वाजवली नाही.

लोक पांगल्यावर मी खुर्च्या घडी करत होतो. ऑर्फा जागेवरच बसून होती. डेल्मर कोट घालून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“पहिल्या वेळी हातच वर करायचे असते, तर तू केला असतास.”

“केला असता.”

“आणि आत्ता पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर?”

ऑर्फा विणायचा मोजा पिशवीत कोंबायला लागली. मी हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो.

“ते नको विचारूस, डेल्मर,” ती म्हणाली. तिला वर बघवेना.