रुमालाखालचा भाव

धाकट्या भावाचा डावा पाय कल्याणच्या यार्डात मालगाडीचे डबे जोडताना गेला, तेव्हा तो तिशीच्या आत होता आणि मी चाळिशी ओलांडली होती. जखम भरून यायला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही गेले. रेल्वे कंपनीने काही रक्कम एकदम दिली आणि पटावरून त्याचे नाव काढले. लाकडी पाय करून आणला, पण तो टोचतो म्हणून त्याने कोपऱ्यात टेकवून ठेवला आणि कुबडीवरच राहिला. दिवसभर ओटीवर बसे. जेवायला हाक मारली की येई. माझ्या बायकोने एकदा मुद्दाम हाक मारली नाही, भूक लागली की आपणहून येईल म्हणून. तो आला नाही. संध्याकाळी तिनेच ताट ओटीवर नेले आणि पुन्हा तसला प्रयोग केला नाही.

मी मीठखात्यात कारकून होतो. अडचण आली की ती कागदावर मांडायची आणि एकेक बाब निकालात काढायची, ही माझी पद्धत. याही वेळी तसेच केले. त्याचे हात शाबूत होते, नजर चांगली होती, आणि जनावर त्याचे ऐकत असे. लहानपणी मिठागरावर वडिलांची बैलजोडी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वश होती. कल्याण स्टेशनावरून मुरबाडकडे जाणाऱ्या टांग्यांना उतारू मिळत. एका सोयऱ्याकडे तट्टू होते, ते तो हप्त्याने द्यायला तयार झाला. उरला टांगा. नवा घेणे शक्य नव्हते, जुना पाहायचा. दवापाणी होऊन कंपनीच्या पैशातले ऐंशी रुपये शिल्लक होते. त्यात टांगा, घोड्याचा साज, परवाना आणि सुरुवातीचा दाणावैरणीचा खर्च बसवायचा, म्हणजे टांग्याला फार तर पासष्ट. त्यावर गेले तर टांगा दारात उभा राहील, पण रस्त्याला लागणार नाही. हे सगळे मी त्याला समजावून सांगितले.

‘‘चालवशील ना?’’ मी विचारले.

‘‘तू म्हणतोस तर चालवीन,’’ तो म्हणाला.

कितीतरी दिवसांत तो एवढे बोलला नव्हता. मी तोच होकार धरला.

ठाण्याला कोलशेतच्या वाटेवर जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता. कुंपणाच्या आत छकडे, टांगे, एकदोन मोडक्या बग्ग्या उभ्या असत. कोणाची बदली झाली, कोणाचे दिवाळे निघाले, की गाडी त्याच्याकडे येई. आम्ही ठाण्याला उतरून बैलगाडीने तिथे पोचलो तेव्हा भिवंडीचे दोघेजण आधीच आले होते. तेही टांगाच शोधत होते, पण त्यांचे काही ठरत नव्हते.

मी ठरवून गेलो होतो त्या क्रमाने टांगे पाहिले. चाकांचे आरे हलवून पाहिले, आसाला हात फिरवला, दांड्यांना कुठे चीर आहे का ते नखाने खरवडले. हिरवा रंग उडालेला एक टांगा त्यातल्या त्यात धड होता. व्यापारी मागोमाग येतच होता. वयस्क, अंगाने भरलेला, तोंडात पान. टांगा एका इनामदाराचा, असे त्याने सांगितले. घरातली बायकामंडळी देवदर्शनाला जात, तेवढ्यापुरताच बाहेर निघे.

चाकाची लोखंडी धाव एका बाजूने पार झिजली होती. मी ती दाखवली आणि देऊळ फार लांब होते काय, असे विचारले.

‘‘लांब नव्हतं, रावसाहेब. देव जागृत होता. रोज जावं लागे.’’

भिवंडीचे दोघे हसले. मलाही हसू आले. भाव करायला बसण्याआधी व्यापारी हसवू लागला की माल उठवायची त्याला घाई आहे, हे मी वडिलांकडून शिकलो होतो. मला बरे वाटले.

मग व्यापारी म्हणाला की चालवणाऱ्याने एकदा वर बसून पाहावे. पायरी उंच होती. भावाने कुबडी माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उजवा पाय पायरीवर ठेवला, पण अंग वर जाईना. मी एका बाजूने खांदा लावला, व्यापाऱ्याच्या गड्याने दुसऱ्या बाजूने. तो चढला. बैठकीवर ताठ बसला, दांड्यांकडे बघत राहिला. तिथून तो पूर्वीसारखा दिसत होता. पाय आहे की नाही हे खालच्या माणसाला कळलेही नसते. मला वाटले, काम झाले.

उतरणे चढण्याहून अवघड निघाले. शेवटी गड्याने कमरेला विळखा घालून त्याला पोत्यासारखा खाली घेतला.

‘‘जपून रे, नवरदेव आहे तो,’’ भिवंडीकरांतला एक म्हणाला.

भाऊ हसला. मोठ्याने हसला. तो हसलेला मी वर्षभरात पाहिला नव्हता, त्या आनंदात मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले नाही.

आम्ही भाव करायला बसलो. त्या काळी बैलाचा असो की गाडीचा, भाव तोंडाने बोलत नसत. व्यापारी हातावर रुमाल टाकी, त्याखाली तुमचा हात धरी आणि बोटांनी बोलणे चाले. एक बोट म्हणजे दहा, पुरा पंजा म्हणजे पन्नास, बोटाचे पेर दाबले की वर पाच. तोंडाने तेवढ्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा. बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळता कामा नये, कारण एकाला दिलेला भाव दुसरा मागणार. रुमालातला आकडा कोणी मोठ्याने बोलला तर सौदा तिथेच मोडला. मिठागरावर, बैलबाजारात आम्ही दोघेही हे पाहतच वाढलो होतो.

त्याने माझा पंजा दोनदा दाबला. शंभर. मी त्याची चार बोटे धरली. त्याने हात झटकला नाही, फक्त यंदा मीठ कसे पिकले ते विचारले. मी सांगितले की बरे पिकले, पण होड्या वेळेवर मिळत नाहीत. तो नव्वदीवर आला. मी पन्नासवर गेलो. त्याने माझ्या मुलाबाळांची चौकशी केली, मी त्याच्या गुडघेदुखीची. असे बराच वेळ चालले. पुढे तो पंजा आणि दोन बोटांवर अडला. मी पंजा, एक बोट आणि एक पेर दाबून तसाच धरून ठेवला. पासष्ट. तो पान चघळायचा थांबला. त्याची बोटे सैल पडली. अजून एक वाक्य, फार तर दोन, आणि तो माझा हात उलटा करून त्यावर टाळी देणार, हे मला समजत होते.

भाऊ मागे कुबडीवर उभा होता.

‘‘दादा, घासाघीस कशाला करतोस?’’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. ‘‘आपण ऐंशी आणलेत. देऊन टाक ऐंशी.’’

व्यापाऱ्याने रुमाल उचलला, झटकला आणि खांद्यावर टाकला. तो रागावला नाही. मी सारवासारव केली, भाऊ आजारातून उठला आहे, त्याचे बोलणे मनावर घेऊ नका, आपला आकडा तर जमलाच होता. तो म्हणाला, जमत आला होता.

‘‘रावसाहेब, आता मी तुम्हाला खाली दिला तर हे दोघे उद्या मला सोडतील का? ऐंशी म्हणालात, ऐंशी द्या.’’

मी ऐंशी देऊ शकत नव्हतो. तरी म्हणालो, सत्तर. लगेच म्हणालो, पंचाहत्तर. तोंडाने म्हणालो, सगळ्यांसमोर. तेवढ्यात भिवंडीकरांतला एक, नवरदेव म्हणणाराच, हिरव्या टांग्यापाशी गेला, कठड्यावर हात ठेवला आणि पंच्याऐंशी म्हणाला. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिले, थोडा वेळ दिला, आणि मग त्याच्याकडे गेला.

परत जायला गाडी मिळेपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या एका पारावर बसलो.  तोच आधी बोलला.

‘‘मी मुद्दाम बोललो.’’

‘‘ते कळलं मला.’’

‘‘दर खेपेला चढवायला दोन माणसं लागतील, दादा. उतरवायला दोन. स्टेशनात आपले सगळे ओळखीचे. रोज त्यांनी मला कमरेला धरायचं?’’

मी लगेच तोडगे काढू लागलो. खाली आणखी एक पायरी बसवता येईल. दोरखंडाची कडी करता येईल. लाकडी पाय पुन्हा बेतून घेता येईल, ठाण्यात एक चांगला सुतार आहे. तो ऐकत होता. माझे संपल्यावर म्हणाला, ‘‘तुझ्याकडे सगळ्याला तोड आहे. मला नको आहे रे. टांगा नको असं नाही. काहीच नको आहे.’’

 मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो राहू दिला, बस इतकेच. बैलगाडी आली तेव्हा गाडीवान आणि मी मिळून त्याला वर घेतले.

घरी पोचल्यावर बायकोने दारातच विचारले. भाव जमला नाही, असे मी सांगितले. भाऊ ओटीवर टेकत होता. त्याने ते ऐकले आणि मान हलवली. पुढे सोयरा तट्टूचे विचारायला आला तेव्हाही मी तेच सांगितले, शेजाऱ्यांनाही तेच. मी अधूनमधून एकटा जाऊन दुसरे टांगे पाहून येई. एक तर साठाला मिळत होता. त्याला ते सांगितले नाही. तो विचारी, ‘‘जमला का भाव?’’ आणि मी म्हणे, ‘‘नाही जमला.’’ मग त्याला बरे वाटे, आणि हाक मारायच्या आतच तो जेवायला येई.

पुढे मी जाणे सोडले. त्यानेही विचारणे सोडले. ताट पुन्हा ओटीवर जाऊ लागले.