प्रेशर कुकर घेऊन आलेल्या शशिकलाबाई

शशिकलाबाई गेल्याचं मला नागपूरच्या लकडगंजात कळलं. चार दिवसांच्या दौऱ्यावरून परतताना, रेझिनचे डबे आले का ते विचारायला मी स्टेशनवरून थेट आमच्या नेहमीच्या केमिकलवाल्याकडे गेलो होतो. डबा काउंटरवर ठेवता ठेवता तो थबकला. "भाऊ, तुमच्या बाई गेल्या नं परवा... तुमाले मालूम नाही?" दोन दिवसांचा ताप, एवढंच. मी तिथल्याच पोत्यावर बसलो. तो म्हणाला, "माझे इतके डबे कोनीच वापस केले नसतील गा. झाकण उघडून, काडीनं ढवळून पाहत. मले त्यांची भारी धास्ती होती." आणि त्याने डोळे पुसले. माझं रडू मात्र घरी पोहोचेपर्यंत अडून राहिलं.

त्याला आता दीड महिना झाला. या पुरवणीच्या वाचकांना शशिकलाबाई माहीत असण्याचं कारण नाही. वडील गिरणीत कामाला, छप्पन साली त्यांचं बोट धरून दीक्षेला गेलेली ही मुलगी पुढे रसायनशास्त्राची पदवीधर झाली आणि आमच्या छोट्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तीन खोल्या. खाणीत कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर काही अडकलं की घंटा वाजवणारी सर्किटं आम्ही करतो. त्यासाठी नखाएवढी चिप सिरॅमिकच्या पाटीवर बसवायची, वरून काळं रेझिन ओतायचं आणि ते भट्टीत कडक करायचं. रेझिन म्हणजे त्या चिपेचं पांघरूण. ते पाटीला चहूकडून घट्ट चिकटलं तरच त्याचा उपयोग. केसाएवढी कड सुटली तरी ओल आत शिरते आणि चिप मरते. हे रेझिन भरण्याची खोली बाईंची. तिथे पाच बायका कामाला होत्या. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला इंजिनिअर, मला हे रेझिनचं काम म्हणजे डिंक लावण्यासारखंच वाटे. बाई हसत म्हणत, "डिंकच आहे, भाऊ. पण तुमची सगळी हुशारी त्याच्या भरवशावर आहे." आपल्याला येतं ते लपवण्याची खोटी नम्रता त्यांच्यापाशी नव्हती, आणि मला त्या त्याचसाठी फार आवडत.

सात-आठ वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास, एका मे महिन्यात त्या खोलीत बायका उकडून निघत होत्या. भट्टी शेजारच्याच खोलीत, वर तापलेला पत्रा. बाई आठवडाभर रजेवर होत्या. मी मोठ्या मनाने वाळ्याच्या ताट्यांचा एक दणदणीत कूलर आणवला आणि खिडकीत बसवला. बायकांनी मला दुवा दिला. त्यांच्यातल्या कमलला दिवस गेले होते, म्हणून कूलरसमोरची जागा सगळ्यांनी मिळून तिला दिली. परत आल्यावर बाईही त्या गारव्यात बसून "वा" म्हणाल्या. नागपूरच्या मे महिन्यात कूलरला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पावसाळा लागला आणि उमरेडच्या खाणीकडून सर्किटं परत येऊ लागली. घंटा वाजेना. फोडून पाहिलं तर रेझिनची कड सुटलेली, आत ओल. आमच्याकडे प्रत्येक ट्रेसोबत भरणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी असते. खराब मालाच्या जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं, कमल. मालकांनी निकाल देऊन टाकला : बायका केसांना तेल चोपडतात, तेच हात पाट्यांना लागतात. कमलला काढा. तिला तेव्हा सातवा महिना, नवरा घरी बसलेला... शशिकलाबाई म्हणाल्या, "पाट्या चिमट्यानं धरतात, साहेब. मले आठ दिवस द्या. कमलच्या हाताचा दोष निघाला, तर तिच्यासंगं मीबी चालली."

हे त्या सहज म्हणाल्या, पण त्यांच्या पगारावर आई आणि दोन धाकटे भाऊ होते. वर, त्याच दिवाळीत त्यांना उत्पादनप्रमुख करायचं ठरत होतं.

सहा दिवस बाई चिठ्ठ्या मांडून बसल्या. सातव्या दिवशी घरचा प्रेशर कुकर रिक्षात घालून आल्या. कमलला कोपऱ्यात बसवून, कूलर बंद ठेवून, भट्टीत गरम केलेल्या पाट्यांवर दहा नग भरायला लावले. मग कूलर लावला, स्वतः साबणाने हात धुऊन कमलच्या जागेवर बसल्या आणि थंड पाट्यांवर दहा नग भरले. सगळे कडक झाल्यावर दोन्ही ढीग कुकरच्या वाफेत तासभर ठेवले. मालक घड्याळ बघत उभे होते. बाईंनी आपल्या नगाच्या कडेला ब्लेडचं टोक लावलं, तर रेझिन पोपडा निघावा तसं अख्खं निघून आलं. कमलचा नग घेतला, तर ब्लेड तुटलं. दुसऱ्यात सिरॅमिकचा टवका उडाला, पण रेझिन हललं नाही.

"पावसाळ्यात आपण पाट्या गरम करून घेतो. उन्हाळ्यात काहून नाही करत? तर नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कुठून येईल म्हणून," बाई म्हणाल्या. "अन् मग आपणच खोलीत ओल आणून सोडली. पाटीवर, रेझिन कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये. कूलरसमोर जो बसला त्याचा माल गेला."

मालकांचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "हा कूलर इथे लावायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो... "मी," शशिकलाबाई म्हणाल्या. "खोली माझी आहे."

मी गप्प राहिलो. कमल कामावर राहिली. दिवाळीत उत्पादनप्रमुखाची खुर्ची मला मिळाली. बाईंनी दुसऱ्याच दिवसापासून नवी पद्धत घालून दिली : बाराही महिने पाट्या स्पिरिटने पुसून भट्टीत तापवायच्या, भरायचं काम सकाळी सातला सुरू करून ऊन चढायच्या आत उरकायचं, आणि कूलर फक्त जेवायच्या खोलीत. तेव्हापासून कड सुटलेला एकही नग परत आलेला मी पाहिला नाही. त्या यशाबद्दल मीही मीटिंगांमधून ऐटीत बोलत आलो. त्यांनी एकदाही मला आठवण करून दिली नाही, आणि मी ते त्यांचं विसरणं समजलो.

मागच्या आठवड्यात हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो. कमल तिथे त्यांच्या आईपाशी बसली होती. तिला अंगणात बोलावून मी एकदाचं सांगितलं, की तो कूलर माझा होता.

"आमाले तवाच मालूम होतं नं, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "तुमीच तर उभं राहून बसवून घेतला होता."

"मग कोणी बोललं का नाही?"

"बाईनं बोलू नाही देल्लं. म्हणे, भाऊनं तुमच्या भल्यासाठी लावला वं, त्याले सांगू द्या. तो सांगते." ती थांबली. "आमी वाट पाहून राहिलो होतो. बाईबी पाहून राहिल्या होत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मालकांना भरण्याच्या खोलीत नेलं आणि पाचही बायकांसमोर सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "जाऊ द्या, आता त्याचं काय." बायकांपैकी कोणीच तसं म्हणालं नाही.