बाटल्यांना ऊन

एकच माल्ट, एकच हॉप्स. नवशिक्याने बिअर अशीच करावी, म्हणजे चूक कोणाची ते लगेच कळतं, असं मला परळच्या लॅबमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. माझ्या बाबतीत चूक माल्टची नव्हती आणि हॉप्सचीही नव्हती.

नायगावच्या बीडीडी चाळीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत मी आणि आई राहतो. पप्पा गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले आणि मी बारावीत असताना दारूपायी गेले. संध्याकाळी ते दारात आले की आई आधी जवळ जाऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. वास नसला तर त्यांचं ताट वाढायची, असला तर मला शेजारच्या काकूंकडे पाठवायची. त्यामुळे घरात बिअर करणार म्हटल्यावर काय होणार, ते मला ठाऊक होतं. तरी सांगून टाकलं. छत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या घरात लपूनछपून काही करायची मला चीड येते.

"तुझ्या त्या डब्याबाटल्यांना मी हात लावणार नाही," आई म्हणाली. "आणि तो वास परत ह्या घरात आला, तर मी माझ्या बहिणीकडे जाईन."

ती नुसती बोलणारी बाई नाही, जाणारी आहे.

रविवारी मी भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, जुन्या सुती साडीच्या फडक्यात बांधलं आणि इडलीच्या मोठ्या पातेल्यात, उकळी न येऊ देता, तासभर गरम पाण्यात ठेवलं. पाणी गोड झालं. मग फडकं काढून ते पाणी खळखळ उकळलं, त्यात हॉप्सची वाळकी कडू फुलं टाकली. आई नाकाला पदर लावून बाहेर पॅसेजमध्ये बसली होती. गार झाल्यावर यीस्ट घातलं. दोन आठवड्यांनी सोड्याच्या दहा पारदर्शक बाटल्या भरल्या, प्रत्येकीत चमचाभर साखर घातली आणि पलंगाखाली अंधारात ठेवल्या. अंधारातच का, ते आईला सांगितलं नाही. त्या विषयावर आमचं बोलणंच बंद होतं.

दहा दिवसांनी पहिली बाटली उघडली. फेस झकास आला, वास मात्र जळक्या रबराचा. हॉप्स घातलेल्या बिअरला ऊन लागलं की असं होतं, हे मी वाचलं होतं. पण पलंगाखाली ऊन आलं कुठून?

"मी दाखवलं," आई म्हणाली. "तळाला पांढरं धरलं होतं. म्हटलं बुरा येतोय. लोणच्याला दाखवते तसं चार दिवस गच्चीवर ऊन दाखवलं."

ते पांढरं म्हणजे खाली बसलेलं यीस्ट.

"कोणी सांगितले होते गं तुला नसते उद्योग?" मी ओरडले. सगळी मेहनत पाण्यात गेली होती. मग गच्ची डोळ्यांसमोर आली. तीन मजले वर. आईचे गुडघे असे की दोन पायऱ्या चढली तरी कठड्याला धरून उभी राहते. दहा बाटल्या, चार दिवस, सकाळी मी कामावर गेले की वर आणि संध्याकाळी मी यायच्या आत खाली. मला माझीच लाज वाटली.

"फुकट गेलं का सगळं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि पेला भरून तिच्यासमोर प्यायले. भयंकर लागत होती. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. जवळ आली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला. पप्पांचा घ्यायची तसाच, डोळे मिटून. ती आता पिशवी भरायला घेईल, असंच मला वाटलं.

"त्यांच्यासारखा नाही येत," ती म्हणाली आणि माझं ताट वाढायला वळली.