वाकड्या चोचीचं पिल्लू

गल्लीत तिच्या माघारी सगळे तिला 'उलटतपासणी' म्हणत. शिवणकाम चोख, पण स्वभाव भलता संशयी. गिऱ्हाईक गोड बोललं तरी तिच्या मनात पाल चुकचुके.

शिलाई मशीनशेजारी तिनं अंडी उबवायची पेटी मांडली होती. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं धडधाकट निघाली. दहाव्याच्या चोचीची टोकं मात्र कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवर चढलेली, आणि डाव्या पायाची बोटं मुठीसारखी मिटलेली.

"पेटी कुणीतरी उघडली होती," ती म्हणाली आणि तिनं नजर शेजारी वाकून बघणाऱ्या जावेवर रोखली.

"मला काय माहीत? पण याला ठेवू नकोस गं. उगाच हाल. आजच काय ते उरकून टाक."

आजच? एवढी घाई का? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय!

ती पिल्लू घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. "बोटं पट्टी बांधून सुटतील," ते म्हणाले. "चोच अशीच राहणार. खोल वाटीत भिजवलेलं पीठ द्या. आठवड्यात स्वतःहून खाल्लं नाही, तर माझ्याकडे आणा, सुई देऊन सोडवतो. उपाशी मारू नका."

"पेटी उघडल्यानं झालं ना हे?"

"छे! चोच आधीच तशी घडलेली असते."

डॉक्टरही कुणाला तरी पाठीशी घालतोय, असंच तिला वाटलं. घरी तिनं यातलं काही जावेला सांगितलं नाही.

बटणांचा पुठ्ठा कापून तिनं बोटांना पट्टी बांधली. पिल्लू वाटीत चोच मारी, पण पोटात कणही जाईना. पाचव्या दिवशी तिनं ठरवलं, उद्या न्यायचंच. उचलून पाहते तर गळ्याखालची पिशवी टम्म! वाटीतलं पीठ मात्र जसंच्या तसं. कुणी भरवलं? आणि काय?

दुपारी "दोरा आणते" म्हणून तिनं दार आपटलं आणि मागच्या दारानं येऊन ती पडद्याआड उभी राहिली. थोड्या वेळानं जाऊ आपली वेगळी वाटी घेऊन आली. पिल्लू मांडीवर घेऊन बोटाच्या टोकानं भरवू लागली.

"काय घालतेस त्याच्या तोंडात?"

जाऊ दचकली. "पीठ! दुसरं काय?"

तिनं जावेचं बोट धरून वास घेतला, चाटूनही पाहिलं. पीठच.

"मग मारून टाक का म्हणालीस?"

"ठेव म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी टाकलं असतंस. सोळा वर्षं ओळखते तुला." जावेनं वाटी खाली ठेवली. "आणि पेटी मीच उघडली होती. आतून टकटक ऐकू आली, राहवलं नाही. माझ्यामुळंच झालं हे सगळं."

आपला संशय खरा निघाला, तरी तिला आनंद होईना. थोडा वेळ ती पिल्लाच्या पायाची पट्टी उगाचच चाचपत राहिली.

"तुझ्यामुळं नाही," ती शेवटी म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, चोच आधीच तशी होती. मी तुला सांगितलं नाही."

"पाच दिवस?"

"पाच दिवस."

जाऊ ताडकन उठून गेली आणि तिनं दोन दिवस अबोला धरला. पण भरवायच्या वेळी न चुकता येई. आठवडा उलटला तरी पिल्लू नीट खाईना. डॉक्टरांकडे मात्र कुणीच नेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते वाटीत डोकं खुपसून आपलं आपण खाऊ लागलं. कोंबडी झाली ती किडकिडीत, जराशी लंगडी, पण तुरुतुरु चालणारी. महिन्यातून एकदा जाऊ तिला धरे आणि ही कानशीनं तिची वाढलेली चोच घासे.