गोदूकाकी तळपाय बघते

पावसाचं पाणी ओसरलं की पेणच्या खाडीलगतच्या या मिठागरात वाफ्यांचा चिखल पायांनी तुडवतात. सगळे एका रांगेत, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, टाच रोवत पुढे सरकतात. तळ घट्ट बसला तरच मीठ पांढरं निघतं. ही रांग गोदूकाकी लावते. उतरण्याआधी सगळ्यांनी बांधावर बसून तिला तळपाय दाखवायचे, कारण चिरलेला पाय खाऱ्या चिखलात सडतो. आणि जो तुडवणीत नाही त्याला हंगामभर काम नाही.

गोदूकाकीचा कशावरच विश्वास नाही. ताजी म्हणून आणलेली मासळी ती कल्ला उघडून बघते. पाऊस थांबला म्हटलं तर अंगणात जाऊन तळहात पसरते. नवरा गेला तेव्हाही तिनं बराच वेळ त्याच्या नाकाशी बोट धरलं होतं, असं तिची जाऊ कोकिळा सांगते.

कोकिळेचा मुलगा जीवन न्हावा शेव्याला क्रेन चालवायला शिकला आणि पुढे आफ्रिकेतल्या एका बंदरात गेला. यंदा नवरात्रात करार संपला, तो परत आला. वाळू पसरलेल्या पडवीत तो झोपू लागला, वाघ्या कुत्रा त्याच्या पायाशी. दोघी जावांची घरं एका भिंतीला लागून, पडवी सामाईक; तिथेच काकी दुपारी मासळी निवडायची. ऑक्टोबरच्या उकाड्यातही जीवन पायांतले मोजे काढत नव्हता, हे तिनं आल्या दिवशीच टिपलं. विचारलं तर म्हणाला, तिकडची सवय. सवय माणसाला लंगडत चालवत नाही, एवढंच ती कोकिळेला म्हणाली.

तुडवणीच्या सकाळी तो बांधावर सगळ्यांच्या शेवटी बसला.

"मोजे काढ," काकी म्हणाली.

त्यानं काढले. अंगठ्याच्या कडेला आणि टाचेवर वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या, प्रत्येकीच्या मध्ये काळा ठिपका. काकीनं पदराची पिन काढून त्याच्या टाचेत टोचली. जीवन हलला नाही.

"लागलं?"

"न्हाय."

काकीनं पिन पुसली. तिनं त्याला रांगेत घेतलं नाही. न दुखणारी कातडी म्हणजे महारोग, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. मिठागरात वाढलेल्या कुणाच्याही टाचेत पिन अशीच निमूट शिरते, हे त्या क्षणी एकालाही आठवलं नाही. दुपारपर्यंत कोकिळेच्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं, आणि पडवीतून जाणारी पोरं जीवनच्या अंथरुणावरून उडी मारून पलीकडे जात होती.

काही दिवसांनी वाघ्या पंजा चाटत बसू लागला. काकीनं त्याला मांडीवर उताणं पाडलं. बोटांच्या बेचक्यात तशीच पांढरी गाठ, तसाच ठिपका. कुत्र्याला महारोग होत नाही, हे तिला माहीत होतं. तिनं गाठ नखांत दाबली, तर साखरेच्या कणांसारखी बारीक अंडी बाहेर आली. मग कोकिळेला हाक मारून म्हणाली, पोराला अलिबागला डॉक्टरकडे ने, आत्ताच.

डॉक्टरनं सुईनं गाठी उकरून काढल्या. वाळूत राहणारी पिसू, तो म्हणाला; मादी कातडीत घुसते आणि तिथेच फुगते. परदेशातून आलेली असणार. पडवीतली वाळू काढा, कुत्र्यालाही औषध द्या.

वाळू काकीनंच खरवडून काढली आणि वर पेंढा पेटवून भाजली. जखमा भरल्यावर जीवन पुन्हा बांधावर आला, या वेळी अनवाणी. काकीनं त्याचा एकेक पाय उजेडाकडे वळवून नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिला.

"उतर," ती म्हणाली.

तो उतरला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला. "काकी, तुझे दाखव. तू पन त्याच पडवीत बसायचीस."

"मला काय न्हाय."

"मग दाखव की."

एवढ्या वर्षांत तिचे तळपाय कुणी पाहिले नव्हते. तिनं लुगड्याचा काठ पायांवर ओढला. कोकिळा म्हणाली, ही दिवाळीपासून रात्री पाय खाजवत असते, मी ऐकते. मग काकीनं हळूच डावा पाय पुढे केला. करंगळीखाली पांढरी गाठ, मध्ये ठिपका.

"आधी वाटलं, मलाही महारोगच झालाय; मग दाखवायची लाज वाटली," ती खाली बघत म्हणाली.

जीवननं तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, नीट पाहिला, आणि खाली ठेवला. ती गाठ काढून जखम भरेपर्यंतचे दिवस काकी बांधावरच बसून राहिली. तोवर रांग जीवननं लावली. ती वरून प्रत्येकाची टाच कुठे पडते ते बघत होती.