कुणाचं काही राहिलं?

मिलिंद गेल्याचं मला समितीच्या ग्रुपवर कळलं. शोकसंदेशाचा मसुदा आला होता, खाली ‘चालेल ना?’ सिंगापूरमध्ये, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बसल्याबसल्या मी अंगठा टाकला... आणि मग ती बातमी आत उतरली.

इथेच बुओना व्हिस्टाला संशोधन करणारा हा माझा मित्र आधी अमेरिकेत, ॲरिझोनात होता. तिथल्या नवाहो आदिवासींच्या गावसभेला एक सहकारी त्याला घेऊन गेला होता. चॅप्टर म्हणतात तिला. चराई, पाणी, रस्ता, सगळं तिथे बोललं जातं. एक आजी किती तरी वेळ बोलत राहिली, पण कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, याचं त्याला कोण अप्रूप! “अरे, या सभा सरकारनंच सुरू करून दिल्या. पुढे सरकारच त्यांच्या मेंढ्या कमी करायला निघालं, लोक सभेत विरोध करायला लागले, तेव्हा त्यानं हात काढून घेतला. तरी लोक जमत राहिले.” हे तो इतक्यांदा सांगायचा, की वैशालीवहिनी म्हणायच्या, “आल्या मेंढ्या!”

तशीच सभा त्यानं इथल्या आमच्या मराठी कुटुंबांची सुरू केली, कॉन्डोच्या हॉलमध्ये. प्रत्येकानं बोलायचं, मध्ये तोडायचं नाही. उठण्याआधी तो विचारायचा, “कुणाचं काही राहिलं?”

आम्हाला त्या लांबत जाणाऱ्या सभांचा कंटाळा आला. समिती हवी होती, झटपट निर्णय हवे होते. मिलिंद अडवणार म्हणून आम्ही काही जणांनी त्याला वगळून ग्रुप काढला; सभेत कोण काय बोलणार, तेही ठरवलं. तो जीव तोडून बाजू मांडत होता, आम्ही विचारात पडल्यासारखे माना डोलावत होतो. शेवटी तो हसला. “पटवलंत बुवा!” चहाच्या वेळी माझी मुलगी सहज बोलून गेली, “अंकल, दे ऑलरेडी डिसायडेड लाह. पपाच्या ग्रुपवर.”

तो माझ्याकडे वळला. “मग मी एवढा वेळ कुणाशी बोलत होतो रे?”

“तसं नाही रे...” एवढंच मी म्हणालो. नंतर पुलाउ उबीन बेटावर आम्ही सायकली चालवल्या, हसलो-खिदळलो. सभेला मात्र तो पुन्हा आला नाही. मीही विषय काढला नाही. त्याला सरकारनं नव्हे, मी दगा दिला होता.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. वक्ते ग्रुपवर ठरलेले. मीही बोललो, मैत्रीबद्दल, बरंच गोड. आभार झाले, लोक खुर्च्या उचलू लागले. वहिनी तेवढ्या बसून राहिल्या. त्या कशासाठी थांबल्यात, ते मला कळलं. मी विचारलं, “कुणाचं काही राहिलं?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “तुमचंच राहिलंय, भाऊजी.”

उचललेल्या खुर्च्या एकेक करून पुन्हा मांडल्या गेल्या.