एंटरच्या आधीचा प्रश्न

मल्लू गेल्याचं मला कंपनीच्या फोनवरून कळलं. हेडक्लार्क म्हणाला, "मल्लिकार्जुन गेला हो सकाळी. हार्ट अटॅक." आणि त्याच दमात, "धाकटे मालक शोकसभा घेणार हायत. घरातनं एक चांगला फोटो मिळवा की, ऑफिसात लावायचा हाय." ज्या ऑफिसातून त्याला घालवला, त्याच ऑफिसाच्या भिंतीवर! मी फोन ठेवला… महिना उलटला, तरी तो राग अजून उतरलेला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा कागलच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आम्ही दोघं ड्रॉइंग विभागात होतो. गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर यायची. प्रत्येकाची फाईल वेगळ्या जातीची, आणि आमच्या मशीनला कळायची एकच जात. एकीतून दुसरीत नेण्यासाठी मल्लूनं कमांड लिहिल्या होत्या आणि त्यांना एसटीच्या गावांची नावं दिली होती. सोपी फाईल कागलला जायची, किचकट असली की चंदगडला, आणि जिच्यात नुसती वळणंच ती गगनबावड्याला. कुठलीही कमांड चालवा, ती आधी थांबून इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत विचारायची, 'मूळ फाईल ठेवली हाय का?' हो म्हटल्याशिवाय हलायची नाही. आम्ही वैतागायचो. तो म्हणायचा, "इचारू दे की लेको. घाटात गाडी बिघडली तर माघारी यायला स्टँड नको व्हय?"

धाकटे मालक शिकून आले आणि त्यांना हा प्रश्न वेळखाऊ वाटला. मल्लू नको नको म्हणत असताना त्यांनी स्वतः बसून ती ओळ काढली. पुढं एका मोठ्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं गगनबावड्यात बिघडली, आणि बिघडलेलीच मूळ फाइलींवर लिहिली गेली. त्यांवरून ओतलेला सगळा माल परत आला. मीटिंगमध्ये धाकट्या मालकांनी एवढंच विचारलं, "कमांड कुणाच्या?"

मी म्हणालो, "ओळ तुम्ही काढलीत."

"तुम्हाला विचारलंय का?"

मल्लूला गेटवर ट्रक नोंदवायला बसवलं. थोड्याच दिवसांत त्यानं राजीनामा दिला. नंतर तो जिथं जिथं गेला, तिथं त्याच्या आधी त्याची बदनामी पोचलेली असायची. भेटला की एकच बोलायचा, "एकदा म्हणूदेत, चूक आमची हुती. मग माझं काय बी म्हणणं न्हाय." एवढं एक वाक्य त्या माणसांच्या तोंडातून निघालं नाही.

सभेसाठीचा फोटो त्याच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर होता. स्टुडिओवाल्याला ती फाईल उघडेना, म्हणून मल्लूच्या बायकोनं, शैलावहिनींनी, मला बोलावलं. मल्लूचा टॉवेल अजून खुर्चीच्या पाठीवर होता. फाईल बदलायची मल्लूची कमांड त्यावरही होती. मी ती दिली आणि पडदा थांबला… 'मूळ फाईल ठेवली हाय का?'

वहिनी मागं उभ्या राहून वाचत होत्या. "सभेत काय बोलणार हायत ती?"

"चांगलंच बोलतील."

"चूक आमची हुती, असं?"

"नाही वहिनी. तेवढं नाही म्हणायचे."

"मग तुमी बी न्हाय म्हणा की त्याला."

मी 'नाही'ची कळ दाबली. मल्लूनं त्या उत्तरासाठीही एक ओळ लिहून ठेवली होती. 'मग पुढं जायचं न्हाय.'

वहिनींनी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर पुन्हा कापड घातलं. शोकसभा फोटोशिवाय झाली.